वाघरीच्या दारात

१

मला याद्या करायची खोड आहे. सोलापुरात कॉलेजवर वनस्पतिशास्त्र शिकवतो, पण जीव रमतो तो रविवारी. पहाटे उठून हिप्परग्याच्या तलावावर नाहीतर नान्नजच्या माळावर जायचं, दुर्बिणीतून दिसेल ते बघायचं आणि घरी येऊन वहीत लिहायचं: तारीख, जागा, प्राणी, किती, किती अंतरावरून. माझी बायको सुकन्या याला 'तुमची खानेसुमारी' म्हणते. बावीस वर्षांत अशा सात वह्या भरल्या. आठवी निम्मी भरली आणि थांबली. ती का थांबली ते सांगायचं आहे. सांगून काही भरून येणार नाही, हे मला कळतं.

माझे वडील हरिबा. त्यांना आम्ही आबा म्हणतो. आमचं गाव नातेपुत्याच्या दक्षिणेला, माळावर. आबांनी साठ वर्षं मेंढरं राखली. ऊस तुटला की श्रीपूरकडच्या रिकाम्या फडांत मेंढरं बसवायची, पाऊस लागला की माळावर परत यायचं, असं त्यांचं वर्ष असे. आई गेली तेव्हा मी त्यांना सोलापूरला आणलं आणि कळप विकायला लावला. 'लावला' हाच शब्द बरोबर आहे. दीड महिना ते नको म्हणत होते आणि दीड महिना मी त्यांना समजावत होतो. शेवटी ते गप्प बसले. मी त्याला होकार धरलं.

त्यानंतर दोन वर्षं आबा तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत घोंगडी टाकून बसत. तक्रार अशी एक नाही. फक्त संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला उठत, फ्लॅटच्या दारात पाय फाकवून उभे राहत, दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा येऊन बसत. शेजारचे विचारायचे, कुणाची वाट बघताय का. आबा म्हणायचे, "न्हाय की. सवय हाय." मला त्यांचं ते उभं राहणं बघवत नसे, म्हणून त्या वेळी मी बहुधा आंघोळीला जाई.

गेल्या डिसेंबरात मी टूम काढली. गाडी काढायची, आबांना पुढच्या सीटवर बसवायचं आणि सह्याद्रीतली तीन राष्ट्रीय उद्यानं एका दमात करायची. चांदोली, अणशी, कुद्रेमुख. आठ दिवस. सगळ्यांना सांगितलं, आबांना जनावरं दाखवायला नेतोय. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. वहीत बिबट्या नव्हता, कोळसुंदा म्हणजे रानकुत्राही नव्हता. पन्नाशी उलटली तरी मला रानातला बिबट्या दिसला नव्हता, आणि ते मला फार लागत असे.

२

चांदोलीला आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी जीपने आत गेलो. सुकन्या, मी, आबा, ड्रायव्हर आणि पुढे बसलेला गाईड. चार तासांत काय दिसलं ते वहीत आहे: शेकरू एक, ऐंशी फुटांवरून. बाकी गव्याचं शेण, अस्वलाने फोडलेलं वारूळ, वाघाने म्हणे ओरखडलेलं झाड. शेण आणि ओरखडे यांना माझ्या वहीत रकाना नाही.

पाचच्या पुढे आम्ही वर सड्यावर पोचलो. सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचं सपाट कातळ, मधूनमधून पिवळं गवत, आणि चहूकडे खाली जंगल. जीप थांबली. गाईड म्हणाला, दहा मिनिटं घ्या, सहाला गेट बंद होतंय. मी तोंड पाडून उभा होतो. सुकन्याने माझी गंमत करायला मोबाईल समोर धरला आणि म्हणाली, "एवढी जनावरं लपून बसलीत, तर बोलवा की त्यांना. धनगराचं पोर ना तुम्ही?"

आमच्या घराची एक हाक आहे. प्रत्येक मेंढपाळाची वेगळी असते, आपलीच हाक आपल्या कळपाला कळते. आमची अशी की आधी जीभ टाळ्याला लावून लांब थरथर काढायची, मग पोटातून एक 'हेऽऽ', तो संपता संपता दोन तुटक 'हौ, हौ'. ही संध्याकाळची हाक. मेंढरं दिवसभर कुठेही पांगलेली असोत, ही ऐकली की वाघरीकडे वळतात. वाघर म्हणजे जाळीचं कुंपण, रात्री मेंढरं कोंडायचं. लहानपणी ती हाक मी आबांकडून शिकलो होतो. नंतर चाळीस वर्षं कधी दिली नव्हती.

मी दिली. तोंडाशी हात धरून, सुकन्याकडे बघत, हसत हसत दिली. हाक चांगली निघाली. कातळावरून ती सरळ पुढे गेली आणि खालच्या जंगलात उतरली. प्रतिध्वनी आला नाही. सुकन्या हसली, गाईडही हसला.

आबा हसले नाहीत. ते जीपमधून घाईने खाली उतरले. त्या वयात इतक्या घाईने त्यांना उतरताना मी पाहिलं नव्हतं.

"सिद्या, हुबा ऱ्हा," ते म्हणाले. "हितं. माज्या शेजारी. पाय फाकव."

"आबा, गंमत केली."

"गंमत न्हाय ती. हाक दिली न्हवं? मंग हुबा ऱ्हा."

आमच्या घरात रीत अशी की जो संध्याकाळची हाक देतो त्यानेच वाघरीच्या दारात उभं राहायचं. एकेक मेंढरू आत जाताना त्याच्या पाठीवर हात ठेवायचा आणि मोजायचं. शेवटचं आत गेलं की 'मिटली' म्हणायचं आणि जाळी बांधायची. मध्ये जागा सोडायची नाही, दुसऱ्याला उभं करायचं नाही. ताप असो, पाऊस असो. लहानपणी मला ही रीत माहीत होती. त्या दिवशीही होती. मला वाटलं, वाघर नाही, मेंढरं नाहीत, कसली रीत.

गाईड घड्याळ बघत होता. मी आबांच्या दंडाला धरून त्यांना जीपमध्ये बसवलं. जीप वळली. आबा मान वळवून मागे बघत राहिले, आणि त्यांचा उजवा हात बाहेर, जीपच्या कडेला, पंजा खाली करून लोंबत होता. मला ते केविलवाणं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून काय होणार आहे हे माहीत असतं, तर मी गेट बंद होऊ दिलं असतं.

३

चांदोलीहून कोल्हापूर, निपाणी, बेळगाव करत आम्ही खानापूरच्या पुढे जंगलात शिरलो. तिथपासून नशीब फिरलं. म्हणजे मला तेव्हा तसं वाटलं.

आधी वानरं. पुलाच्या कठड्यावर तीस-पस्तीस वानरं ओळीने बसलेली, तोंडं रस्त्याकडे. कुणी उवा काढत नव्हतं, पिल्लं उड्या मारत नव्हती. मी गाडी हळू केली तशा त्यांच्या माना गाडीबरोबर फिरल्या. पुढे दोन किलोमीटरवर गवे. भर दुपारी, रस्त्यापासून वीस फुटांवर सात गवे. मी काच खाली करून भराभर फोटो काढले. आणखी पुढे सांबर. मग भेकरं, पाच. भेकर एकटं राहणारं जनावर, पाच एकत्र मी वाचलेलंही नव्हतं. मी सुकन्याला म्हटलं, "लिही, लिही." ती मांडीवर वही घेऊन लिहीत होती आणि तिलाही मजा वाटत होती.

आबा म्हणाले, "गाडी वळव."

"आता? आत्ता तर कुठे दिसायला लागलंय."

"दिसतंय न्हाय. येतंय."

मी विषय बदलला. मनात मात्र त्याचं कारण शोधून ठेवलं. आबांची घोंगडी. साठ वर्षांचा मेंढरांचा वास आणि घामाचं मीठ त्या लोकरीत मुरलेलं. जनावरं मिठाला येतात, हे पुस्तकात आहे. मी घोंगडी डिकीत टाकली आणि काचा लावल्या. पुढच्या वळणावर रानडुकरं उभी होती.

अणशीच्या जंगलात दुसऱ्या दिवशी सकाळी सफारी. गाईड बसू म्हणून एक चाळिशीचा माणूस, कन्नड बोलणारा. सुकन्याचं माहेर अक्कलकोटकडचं, तिला कन्नड घरचीच. सुरुवातीला दोघं छान गप्पा मारत होते. अर्ध्या तासात बसू बोलायचा थांबला.

एका उघड्या खाचराशी त्याने जीप थांबवली. समोर गवतात चितळं उभी होती, साठ तरी. त्यांच्यात सांबरं मिसळलेली, मागे गवे, कडेला दोन कोल्हे. आणि चितळांच्या पायांशी, त्यांना अगदी लागून, बिबट्या बसला होता.

मी आयुष्यभर ज्याची वाट बघितली तो बिबट्या. मी कॅमेरा उचलला. चाळीस-पन्नास फोटो काढल्यावर कुठे माझ्या ध्यानात आलं की चितळं पळत नाहीत. एक मादी त्याच्यापासून हातभर अंतरावर होती आणि तिचे कानसुद्धा हलत नव्हते. बिबट्याही तिच्याकडे बघत नव्हता. सगळी आमच्याकडे तोंड करून उभी होती. चरत नव्हती, काही करत नव्हती. संध्याकाळी वाघरीबाहेर मेंढरं अशी उभी राहतात, दार उघडायची वाट बघत.

बसू हलक्या आवाजात काहीतरी म्हणाला. मी सुकन्याकडे बघितलं.

"काय म्हणतोय?"

"विचारतोय, ही तुमची आहेत का."

"माझी?"

"सगळी तुमच्याकडं बघतायत म्हणतोय. एकट्या तुमच्याकडं. आबांकडं नाही, माझ्याकडं नाही."

मी कॅमेऱ्याचा पडदा बघितला. शेवटच्या सगळ्या फोटोंत, प्रत्येक जनावर, प्रत्येक डोळा सरळ भिंगात होता. मी सीटवर डावीकडे सरकलो. साठ माना डावीकडे सरकल्या. मी पुन्हा उजवीकडे झालो नाही. बसूने जीप मागे घेतली आणि उरलेली सफारी न करता आम्हाला गेटवर आणून सोडलं. संध्याकाळी मी वहीत लिहिलं: बिबट्या, एक, पंचवीस फुटांवरून. त्यापुढे काहीतरी लिहायला हवं होतं. रकाना नव्हता.

४

आमची राहायची जागा जंगलाच्या कडेला होती. कौलारू बैठं घर, दोन खोल्या, मागे फणसाची झाडं. त्या दिवशी दिवेलागणीला आम्ही तिघं आत बसून चहा पीत होतो तेव्हा भिंतीला बाहेरून काहीतरी घासलं. सावकाश, लांबवर, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. थोडं थांबून पुन्हा. मग मागच्या भिंतीला. मग दोन्हीकडून.

गाय असेल, मी म्हटलं. इथं लोक गाई मोकळ्या सोडतात. सुकन्याने मान हलवली. तिला तसं वाटत नव्हतं आणि मलाही नाही. गाय घासते तेव्हा तिच्या श्वासाचा आवाज येतो, खुरांचा येतो. इथे नुसतं घासणं होतं. शंभर पाठी एकामागून एक भिंतीला लागून चालल्यासारखं. सकाळी बघितलं तर घराच्या चारी बाजूंना, माझ्या कमरेइतक्या उंचीवर, चुन्याला तेलकट काळा पट्टा पडला होता. बोट लावून वास घेतला. ओल्या लोकरीचा वास. त्या भागात मेंढी नाही.

माझ्या खोलीच्या खिडकीपाशी मात्र पट्टा वर चढला होता. खिडकीच्या वर, आणि तिथून कौलांपर्यंत. तेवढ्या उंचीचं काय असेल याचा मी विचार केला आणि मग ठरवून थांबवला. हत्ती, मी स्वतःला सांगितलं. हत्ती असतात या पट्ट्यात.

आबा पायरीवर बसले होते. मी शेजारी जाऊन बसलो.

"सिद्या," ते म्हणाले, "परत चल. त्या सड्यावर."

"तिथं जाऊन काय करायचं?"

"तू दारात हुबा ऱ्हा. मी शेजारी हाय की. हात ठिवायचा आन् मोजायचं, दुसरं काय न्हाय. समदी आत गेली की मिटली म्हनायचं आन् घरी यायचं."

"कशाच्या आत, आबा?"

त्यांनी जरा विचार केला. "ते मला बी ठावं न्हाय. पर हाक दिली की त्यास्नी वाटतं दार हाय. दार न्हाय घावलं तर ती हाक देनाऱ्याच्या मागं येत्यात. तुज्या मागं येतील घरापतुर."

ते घाबरले होते. माझ्यासाठी घाबरले होते, आणि ते दिसू नये म्हणून शांत बोलत होते. मला ते दिसत होतं. अणशीपासून चांदोली एका दिवसाचा रस्ता. तेव्हाच निघालो असतो तर संध्याकाळी पोचलो असतो.

मी म्हणालो, "कुद्रेमुखचं बुकिंग झालंय, आबा. परत येताना जाऊ."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. कळप विकायच्या वेळी शेवटी जसे गप्प बसले होते तसेच गप्प बसले. आणि मी पुन्हा त्याला होकार धरलं. आयुष्यात एकच चूक दोनदा केली, तीही त्याच माणसाच्या बाबतीत. खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात त्या क्षणी कोळसुंदा होता. बिबट्या दिसला, आता तोही दिसेल, असा हिशेब मी भीतीच्या पोटात बसून करत होतो.

५

कुद्रेमुखला काहीच दिसलं नाही.

कारवारवरून समुद्राच्या कडेने खाली आलो, कारकळवरून घाट चढलो. घाटात एक वानर नाही, आकाशात घार नाही. दुपारी वर पोचलो तर हिरवेपिवळे गवताचे डोंगर, एकामागे एक, आणि खोबणींतून गच्च झाडी. आबांनी काच खाली केली. तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला.

"हितं वाघर लावाय जागा हाय," ते म्हणाले.

मला वाटलं त्यांना गवत आवडलं. मला बरंही वाटलं, आणलं त्याचं चीज झालं म्हणून.

रस्त्याकडेला एका ठिकाणी गाडी उभी केली. चारचा सुमार होता. आबा म्हणाले, मी बसतो, तुमी फिरून या. मी आणि सुकन्या रस्त्यानेच पुढच्या वळणापर्यंत गेलो, दोनशे पावलं असतील. दुर्बिणीतून बघत होतो तेवढ्यात खालच्या दरीतून धुकं वर आलं. पाच मिनिटांत समोरचा डोंगर गेला, मग रस्ता गेला. सुकन्याने माझा हात धरला. पायांखालचं डांबर तेवढं दिसत होतं.

धुक्यात हाक आली. आधी थरथर, मग लांब 'हेऽऽ', मग दोन 'हौ'. आबांची. माझ्या हाकेत आणि तिच्यात काय फरक होता ते ऐकताच कळलं. माझी गंमत होती. त्यांची ऐकून माझेच पाय तिकडे वळले.

आम्ही रस्त्याची कड धरून मागे आलो. गाडीचं दार उघडं. डिकी उघडी, घोंगडी नव्हती. रस्त्यापलीकडे चढावर दोन उंच खडक होते, त्यांच्यामध्ये दाराएवढी फट. आबा त्या फटीत उभे होते, आमच्याकडे पाठ, खांद्यावर घोंगडी, पाय फाकवलेले. त्यांचा उजवा हात खाली होता. मी पंधरा पावलांवर थांबलो.

हात उचलला जात होता आणि ठेवला जात होता. ते जुन्या रीतीने, विसाविसांच्या इशांत मोजत होते. "एक इसा नऊ. धा. अकरा." हात कमरेला. मग गुडघ्यापाशी, तिथे त्यांना वाकावं लागलं. पुन्हा कमरेला. हाताखालून काय जात होतं ते धुक्यात दिसत नव्हतं. गवत दबत होतं, ते दिसत होतं. ओल्या लोकरीचा वास इतका दाट होता की सुकन्याने पदर नाकाला लावला.

"आबा," मी म्हणालो.

त्यांनी मागे बघितलं नाही. "गाडीत बसा. दार लावा. मोजणी मोडू नका."

"आबा, मी येतो."

हे मी म्हटलं. सुकन्या साक्षी आहे. म्हटलं आणि जागचा हललो नाही. ती जागा माझी होती. हाक मी दिली होती, पंधरा पावलं चालून त्यांच्या शेजारी उभं राहायचं होतं, आणि ते मला कळत होतं. आबांनी मला बोलावलं नाही. क्षणभर थांबले मात्र. माझ्या पावलाचा आवाज येतो का, ते ऐकायला थांबले असावेत. आवाज आला नाही तसे पुन्हा मोजू लागले.

"दोन इसा चार. पाच."

मग त्यांचा हात वर गेला. कमरेवरून छातीला, छातीवरून डोक्याच्या वर. टाचा उचलून, बोटं ताणून त्यांनी हात उंच धरला आणि तो तिथेच राहिला. त्यांच्या हाताखालून काहीतरी बराच वेळ जात होतं. संपत नव्हतं. खडकांच्या मधलं धुकं काळं झालं होतं, आणि त्या काळ्यात, आबांच्या हाताच्याही वर, काहीतरी माझ्याकडे वळलं.

मी सुकन्याला ओढत गाडीत नेलं आणि दार लावलं.

६

धुकं पाऊण तासाने विरलं. दोन खडक तिथेच होते. त्यांच्या पलीकडे मोकळा उतार होता, आणि गवत एका मोठ्या गोलात जमिनीला चिकटेपर्यंत तुडवलेलं होतं. वाघर उठवल्यावर माळावर असाच गोल राहतो. आबा नव्हते.

नऊ दिवस शोधलं. वनखात्याची माणसं, गावातले लोक, कुत्री. सगळ्यांनी मन लावून शोधलं, मी कुणाला बोल लावत नाही. पोलिसांनी विचारलं, शेवटचं बघितलं तेव्हा ते काय करत होते. मी म्हटलं, उभे होते. सुकन्याने माझ्याकडे बघितलं आणि तीही एवढंच म्हणाली.

सोलापूरला परतल्यावर माझ्या मागे काही आलं नाही. भिंतीला काही घासलं नाही. नान्नजच्या माळावर एकदा गेलो, हरणं मला बघून पळाली. आबांनी माझ्यावरचं ते काढून घेतलं होतं, पुरतं. मी मोकळा होतो. असं मोकळं कुणी होऊ नये.

फेब्रुवारीत तिकडच्या एका वनरक्षकाचा फोन आला. सुकन्या बोलली. तो म्हणाला, धुकं आलं की त्या खडकांकडून माणसाचा आवाज येतो. गेलं की कुणी नसतं. भाषा कळत नाही, पण आकडे म्हणत असावा. एका आकड्यापर्यंत जातो, थांबतो, बराच वेळ थांबतो, मग पहिल्यापासून सुरू करतो.

सुकन्याने मला विचारलं, असं का. मला माहीत होतं. 'मिटली' म्हणायचा हक्क हाक देणाऱ्याचा असतो. आबा मोजू शकतात, संपवू शकत नाहीत.

तेव्हापासून मी शनिवारी गाडी काढतो. पहिल्यांदा मिरजेहून परतलो. मग निपाणीहून, मग बेळगावहून.  मी आलो की सुकन्या ताट वाढते आणि विचारते, कुठवर. मी गावाचं नाव सांगतो.

गेल्या शनिवारी मी मध्येच परत फिरलो नाही. वाटेत मुक्काम करून रविवारी चारच्या सुमाराला तिथे पोचलो. सोमवारी घरी आल्यावर सुकन्याला सांगितलं की वर ऊन होतं, धुकं नव्हतं, म्हणून परत आलो. तिने विश्वास ठेवला. निदान पुढे विचारलं नाही.

धुकं होतं. मी गाडी खडकांसमोर लावली आणि काच खाली केली. आबा मोजत होते. आवाज थकलेला होता, पण आबांचाच होता. मी दाराच्या खिट्टीला हात घातला तेव्हा ते मध्येच थांबले. आकडा अर्धा सोडून थांबले, ऐकत राहिले. मग त्या आवाजात, जो मी लहानपणी तापात पडलेला असताना ऐकला होता, ते हळूच म्हणाले, "सिद्या, आलास व्हय?"

मी काच वर केली.